अकोल्यातला तुझा समुद्र

सुखदेव,

तुझं फूल अजून जिवंत आहे. हे आधी सांगून टाकते, कारण तू समोर असतास तर दुसरं काही ऐकून घेतलंच नसतंस. मी शाळेतून दमूनभागून यायची आणि तू मला पाणी विचारायच्या आधी काचेच्या टाकीत डोकावून यायचास. आज मीही तेच केलं. फूल मिटलेलं आहे, चिंचेच्या गोळ्याएवढं झालं आहे, पण धरून बसलंय. रविवारी तुझे पाटकर मुंबईहून येणार आहेत, त्याला परत समुद्रात न्यायला. तोवर त्यानं तग धरावा, एवढं एकच काम मला उरलं आहे. बाकीची सगळी संपली. तुझे कपडे वाटून झाले, सायकल शेजारच्यांकडे गेली, भेटायला येणारेही आता थांबले. मी थकले आहे रे. रडून रडून माणूस नुसता दमतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

जो आला त्यानं टाकीपुढे उभं राहून एकच विचारलं, "याचं आता काय करणार, बाई?" आमच्या शाळेतल्या जोशीबाई म्हणाल्या, मोरणा नदीत सोडून द्या, पुण्य लागेल. मी म्हटलं, नदीत ते मरेल. त्यांना वाटलं, मी दुःखानं भ्रमिष्ट झाले आहे. पाण्यातला जीव पाण्यात मरतो कसा, हे मी त्यांना समजावत बसले नाही. तू असतास तर अर्धा तास घेतला असतास आणि वर त्यांना झिंगे आणायला पाठवलं असतंस.

तुझी ही समुद्राची बाधा मी पहिल्या दिवसापासून पाहिली. अकोला स्टेशनच्या पार्सल ऑफिसात तू लागलास आणि मुंबईहून बर्फात येणाऱ्या मासळीच्या टोपल्या उतरवून घ्यायचं काम तुझ्याकडे आलं. टोपल्या गळायच्या, त्यावरून मुंबईच्या पार्सल ऑफिसातल्या पाटकरांशी तुझी आधी भांडणं झाली आणि मग दोस्ती. त्यांनी तुला बोलावून समुद्र दाखवला. परत आलास तेव्हा हातात मुरंब्याची बरणी होती, बरणीत शंख, आणि शंखाला पाय. दारातूनच ओरडलास, "बाई, म्या समुद्राचं पानी तोंडात घेऊन पाह्यलं! आपल्या इहिरीचं पानी हाय ते! अस्सल!"

आपलं गाव तेल्हाऱ्याकडचं, सगळा खारपाणपट्टा. गावात गोड्या पाण्याची विहीर एकच होती आणि तिला आपण हात लावायचा नव्हता. कुणी येऊन वरून ओतलं तर आपली घागर भरायची, नाहीतर तिथंच उभं राहायचं. आपल्या वस्तीची विहीर खारी. त्या पाण्यात डाळ शिजायची नाही, साबणाला फेस यायचा नाही, आणि तहान तर मुळीच भागायची नाही. आई गेली तेव्हा तू माझ्या कडेवर होतास. गोडं पाणी मिळालं नाही की त्याच खाऱ्यात गुळाचा खडा टाकून तुला पाजलं आहे मी. आणि तुला त्या विहिरीत समुद्र दिसला!

मोटारीच्या टपावरून दोन डबे पाणी गावाहून आणलंस, काचेची टाकी भरलीस, शंखातला जीव आत सोडलास. दुसऱ्या दिवशी तो शंखाबाहेर पडून मेला होता. खारं म्हणजे खारं, असं तुला वाटलं. ही चूक आपल्यासारख्या लोकांनीच करावी. जन्मभर ज्या पाण्याला शिव्या घातल्या, त्याच्या खारेपणातही कमीजास्त असतं, हे बघायला कोण बसलं होतं? पण तू हटणारा नव्हतास. मोठ्या मडक्यात विहिरीचं पाणी आटवायला लागलास. त्यात जाडं मीठ, त्यात पाटकरांनी बरण्यांतून पाठवलेलं समुद्राचं पाणी. जमलं की नाही ते कळायला इंजेक्शनची रिकामी शिशी घेतलीस, तळाला वाळू, मानेला लाल दोरा. समुद्राच्या पाण्यात ती दोऱ्यापर्यंत बुडायची, तशीच आपल्या पाण्यात बुडली पाहिजे. माझी किती मडकी तू त्या आटवण्यात फोडलीस, त्याचा हिशेब मी कधी मागितला नाही. बोलले मात्र पुष्कळ.

आवडसुद्धा काय जगावेगळी! रंगीत मासे कुणालाही आवडतात. तुला आवडायचं ते सगळं विचित्र. दुसऱ्याच्या शंखात राहणारा खेकडा, त्याला तू ‘भाडेकरू’ म्हणायचास, आणि तो शंख बदलायला निघाला की घरमालकाच्या नावानं हाका मारायचास. एक समुद्रातली काकडी होती. ती एका दुपारी कशानं घाबरली कोण जाणे, पोटातलं सगळं बाहेर टाकून निपचित पडली, आणि तू शेजारच्या कंपाउंडरला हाताला धरून घेऊन आलास. त्या बिचाऱ्यानं तिला लांबूनच तपासलं. एक गोगलगाईसारखा लिबलिबीत प्राणी होता, त्याला पाटकर समुद्रससा म्हणायचे. त्यानं एकदा जांभळा रंग सोडला आणि सगळी टाकी धुळवडीसारखी करून ठेवली. आणि ती निवटी, दगडावर येऊन बसणारा मासा, बाहेर काढलेले डोळे मिचकावत घरभर बघायची.

दर्यापूरचे लोक तुला पाहायला आले होते, आठवतं? मुलीचे मामा खुर्चीवर बसले आणि निवटी त्यांच्याकडे तोंड करून बसली.

"हे काय करते?" त्यांनी विचारलं.

"पाह्यते," तू म्हणालास.

"काय पाह्यते?"

"तुमाले."

ते पोहे अर्धे टाकून उठले. मी तुझ्याशी बोलणं टाकलं. तू आपला शांत. म्हणालास, "मामानं इचारलं म्हनून असं सांगतलं, बाई. पोरीनं इचारलं असतं त नीट सांगतलं असतं." त्यानंतर तुझ्या लग्नाचं मी जेव्हा जेव्हा काढलं, तेव्हा तू टाकीची काच पुसायला घेतलीस. तो विषय तसाच राहिला. आपल्या घरात भावजय आली असती तर आज या खोलीत माझ्या सोबतीला कायमचं कुणी असतं, हा माझा स्वार्थ आहे. असू दे.

हे समुद्रफूल आलं ते न मागता. पाटकरांनी पाठवलेल्या एका शिंपल्याला चिकटून आलं. ते झाड नाही, जनावर आहे, मधोमध तोंड आहे आणि पाकळ्या म्हणजे त्याचे हात, हे तू मला इतक्या वेळा सांगितलंस की मी वर्गात मुलांना सांगायला लागले. तू त्याला मोरणेतल्या झिंग्याचा तुकडा काडीनं द्यायचास आणि ते पाकळ्या मिटून घ्यायचं. मी चिडवायची, "पंचशील घेतलं तू, आन् झिंग्याचे तुकडे करून राह्यला?" तू गंभीर व्हायचास. बाजारातून मेलेलेच झिंगे आणायचास, जिवंत कधी आणला नाहीस, हे मला दिसत होतं. तरी मी चिडवायची.

आपलं खरं भांडण वेगळंच होतं. तू म्हणायचास, "बाई, पानी वाईट नवतं आपलं. ते आपल्यासाठी नवतं, एवढंच. ज्याच्यासाठी हाय, त्याले पाह्य कसं मानवते." आणि माझं डोकं फिरायचं. "मंग ज्याच्यासाठी होतं त्याले देयाचं होतं. आपल्याले काहून देल्लं?" तरी तू सोडायचा नाहीस. चार दिवसांनी भाकरी मोडता मोडता पुन्हा तेच काढायचास. मी म्हणायची, हे जीव त्यांच्या समुद्रात नेऊन सोड, कुणालाही त्याच्या जागेवरून उचलून असं डब्यात ठेवू नये. तू म्हणायचास, "आपन जातो काय गावाले परत? फूल आता अकोल्याचं झालं."

"ते बोललं काय तुले तसं?"

"तू बोलतं काय तशी? तरी राह्यतंच नं."

छप्पन सालच्या धम्मदीक्षेनंतर वस्तीतल्या सगळ्यांनी मागचं पुष्कळ टाकून दिलं. मीही टाकलं. ती विहीर मात्र मला टाकता आली नाही, आणि तू तिला घरात आणून ठेवलीस. तुला तिचा राग कसा येत नव्हता, हे मला आजही कळलेलं नाही. कधी वाटतं, तू माझ्यापेक्षा शहाणा होतास. कधी वाटतं, गुळाच्या खड्यानं फसलास.

आणि ती ट्यूब! समुद्राच्या जिवाला पाण्यात हवा खेळती लागते म्हणून तू ट्रकची जुनी ट्यूब आणलीस. सायकलच्या पंपानं ती फुगवायची आणि बारीक रबरी नळीतून हवा टाकीत बुडबुडत राहायची. सकाळ-संध्याकाळ तुझा तो पंप चालायचा. उन्हाळ्यात टाकीला ओल्या गोणपाटाचा अंगरखा, आणि आपण दोघं घामानं निथळत बसलेले. मी म्हणायची, मलाही एक गोणपाट दे. दवाखान्यात कावीळ डोक्यात चढली होती तुझ्या, माणसं ओळखत नव्हतास, आणि मला बघून म्हणालास, "ट्यूब भरली?" मी म्हटलं, भरली. आपलं शेवटचं बोलणं ते. मला दुसरं किती काय म्हणायचं होतं. तू माझा भाऊ कमी आणि मुलगा जास्त होतास, हेसुद्धा कधी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर हसला असतास.

आता आत्याचं सांगते. रागावू नकोस.

तुझ्या जलदानविधीला गावाहून गिरजाआत्या आली. तुला माहीत आहे, आपल्या घरात गोड्या विहिरीवर सगळ्यात जास्त उभं राहिलेलं माणूस म्हणजे आत्या. हातात रिकामी घागर, समोर भरलेली विहीर, आणि कुणीतरी येऊन ओतेल म्हणून वाट. तिचं तरुणपण तिथंच गेलं. उन्हानं टाकीतलं पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं, म्हणून तू उन्हाळ्यात रोज तांब्याभर गोडं पाणी घालायचास ना? मागच्या उन्हाळ्यात ती राहायला आली होती तेव्हा तिनं ते पाहिलं होतं. जलदान झालं, माणसं अंगणात जेवत होती, मी वाढत होते. आत आले तर आत्या टाकीपाशी उभी, पदर ओला, आणि नळाच्या पाण्याची घागर रिकामी.

"सुखदेवाच्या लेकराइले पानी देल्लं म्या," ती म्हणाली. "तो तांब्या तांब्या देये. म्या अख्खी घागर देल्ली. त्याइले थांबायले नाई लावलं."

सुखदेव, मी तिचा ओला पदर पिळून दिला.

रात्र व्हायच्या आत टाकीत उरलेले दोन्ही भाडेकरू शंखातून बाहेर आले आणि मेले. फूल मिटलं. आत्या विचारायची, "झोपले काय वं?" मी म्हणायची, हो, झोपले. मी पाणी उपसलं, पाटकरांच्या पाण्याची शेवटची बरणी ओतली, मीठ घातलं, शिशी सोडली, दोरा बघितला, पुन्हा मीठ घातलं. आत्याला वाटलं, मी टाकी धुते आहे. तिनं मडकी धुवायला मदत केली. तेव्हापासून ती माझ्याकडेच राहिली आहे आणि मी रोज शाळेत जाऊन येते, पंप मारते आणि फुलाकडे बघते. फूल वाचलं तर आत्याला काही कळायची गरज नाही. ते गेलं तर मला तिच्याशी खोटं बोलावं लागेल, आणि माझ्यात आता खोटं रचायचीही ताकद नाही. म्हणून म्हणते, रविवारपर्यंत.

*

सोमवार आहे आज. परवापर्यंतचं वर लिहून ठेवलं होतं, पुढचं लिहायचं जिवावर आलं होतं. तरी लिहिते.

पाटकर काल सकाळच्या गाडीनं आले. तुझ्या फोटोपुढे बराच वेळ बसले. मग काचेची मोठी बरणी पुढे ठेवली, समुद्राच्या पाण्यानं भरलेली, आणि टाकीत बोट बुडवून जिभेवर लावलं. खेकडे गेल्याचं मी त्यांना पत्रानं कळवलं होतं. भला माणूस आहे, पण तोंडावर ताबा नाही.

"यात गोडं पाणी शिरलं होतं का हो? खेकडे त्यानंच गेले असणार."

आत्या चुलीपाशी होती. मी त्यांना डोळ्यांनी खुणावलं, पण उशीर झाला होता. ती उठून आली.

"म्या मारले?"

मी नाही म्हणाले नाही. हो पण म्हणाले नाही. म्हटलं, "आत्या, तुले कोनी सांगतलंच नवतं."

ती टाकीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "खारं पाजा लागते, हे कोन सांगन मले? खारं त आमाले सजा म्हनून होतं." आणि पाटकरांकडे वळून, "खरंच त्याइले खारं गोड लागते काय, भाऊ?"

पाटकर म्हणाले, "दुसरं चालतच नाही त्यांना, आत्या."

मी चहा ठेवला. पाटकरांनी बाह्या वर केल्या आणि फूल सोडवायला टाकीत हात घातला. ते सुटेना. शिंपला त्यानं केव्हाच सोडला होता आणि मागच्या काळ्या दगडावर जाऊन बसलं होतं. पाटकर म्हणाले, ओढलं तर तळ फाटेल, दगडासकटच न्यावं लागेल. पण दगड कुठला आहे, महत्त्वाचा तर नाही? मला माहीत नव्हतं. तू इतके दगड आणायचास, मी कधी विचारलं नाही. आत्यानं वाकून पाहिलं. त्याला एका बाजूनं दोराच्या घासण्याची गुळगुळीत खाच होती.

"हा आमच्या इहिरीचा हाय," ती म्हणाली. "काठाचा. मागं ढासळला होता, तवा सुखदेवानं नेला."

मला त्या क्षणी तुझा इतका राग आला आणि इतकी माया आली, की मी स्वयंपाकघरात जाऊन भिंतीला डोकं टेकून उभी राहिले. किती वर्षं मी त्या विहिरीवरून तुझ्याशी भांडले. तिचा तुकडा माझ्यापासून दोन हातांवर पाण्यात होता, फूल त्याच्यावर बसलं होतं, आणि तू मला सांगितलं नाहीस. सांगितलं असतंस तर मी तो अंगणात फेकून दिला असता. हे तुला माहीत होतं. म्हणूनच नाही सांगितलंस.

पाटकरांनी दगड उचलून बरणीत ठेवला. संध्याकाळपर्यंत बरणी खिडकीत होती. चारच्या सुमाराला मी सहज पाहिलं तर फूल उघडायला लागलं होतं. एक एक पाकळी, लाल, ओली. मी हाक मारली, "सुखदेव, हे पाह्य!" अगदी मोठ्यानं. पाटकर खाली बघायला लागले. आत्या आली, जणू मी तिलाच बोलावलं होतं, आणि माझ्या खांद्याला धरून बरणीकडे बघत उभी राहिली.

मला वाटलं, ठेवून घ्यावं. खरंच वाटलं. पंप मारायची सवय झाली आहे, मडकी आहेत, शिशी आहे. पण मी फार थकले आहे, सुखदेव. शिवाय ज्याला त्याला त्याच्या जागी जाऊ द्यावं, हे मीच आयुष्यभर म्हणत आले. तर जा म्हटलं. मी जिंकले. या जिंकण्याचं काय करू, ते तेवढं सांग. तू असतास तर भाकरी मोडता मोडता पुन्हा तेच काढलं असतंस, आणि मी तुला गप्प बस म्हटलं असतं, आणि तू बसला नसतास. मला तेच पाहिजे आहे. दुसरं काही नको.

आम्ही दोघी स्टेशनवर गेलो. तुझ्या पार्सल ऑफिसातल्या लोकांनी पाटकरांना खिडकीजवळची जागा करून दिली. बरणी त्यांनी मांडीवर घेतली. गाडी हलली तशी आत्या दोन-चार पावलं बरोबर चालली आणि ओरडून म्हणाली, "दगड सांबाळून ठेवजा, भाऊ! आमचा हाय तो!" गाडी गेली. प्लॅटफॉर्म रिकामा व्हायला लागला.

"तिथं त्याले पानी कोन देईन वं?" आत्यानं विचारलं.

"आत्या, तिथं पानीच पानी हाय. कोनी देयाचं काम नाई."

"खारं?"

"खारंच."

"मंग झालं," ती म्हणाली, आणि पदर तोंडात धरून तिथंच प्लॅटफॉर्मवर खाली बसली. मीही तिच्याजवळ बसले.